केनियाला निघण्याआधी: जंगलाची आणि माणसांची तयारी

पहिल्यांदा तारखा ठरवा, हॉटेलं नंतर. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गाईएवढ्या मोठ्या हरणांचे) कळप पाहायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर हाच काळ. पण कळप काठावर तासन्‌तास घुटमळतात आणि न उतरताच परतही फिरतात, म्हणून मसाई मारा या अभयारण्यात किमान तीन रात्री तरी ठेवा. खर्चाचा हिशेबही इथेच करून टाका. माराचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून रोज 100 डॉलर आहे आणि जुलै ते डिसेंबर 200. बजेट आवळायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी निवडा. तेव्हा हवा कोरडी असते, गर्दीही कमी. सिंह, चित्ते, हत्ती बारा महिने तिथेच असतात. मार्च ते मे मात्र टाळा. मोठा पाऊस पडतो आणि माराच्या काळ्या मातीत गाड्या रुततात.

आठ दिवसांत पाच अभयारण्यं दाखवणारा कार्यक्रम कुणी हातात दिला तर तो परत करा. नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास लागतात. रोज एवढा प्रवास झाला तर गाडीची खिडकीच जास्त दिसते. मी दोन जंगलं, एक शहर आणि एक किनारा एवढंच धरेन: मारा, अंबोसेली, नैरोबी, मोंबासा. अंबोसेलीत हत्तींचे कळप आणि मागे टांझानियातला 5,895 मीटरचा किलीमांजारो. पहाटे तो स्वच्छ दिसतो, दिवस वर आला की बहुधा ढगांत जातो. मारातला मुक्काम शक्यतो लगतच्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खाजगी राखीव जंगलात घ्या. ही जमीन स्थानिक पशुपालक मसाई कुटुंबांची असते, तिचं भाडं त्यांना मिळतं, आणि गाड्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे एका बिबट्याभोवती तीस इंजिनं घरघरत नाहीत.

आता कागदपत्रं. व्हिसाऐवजी जानेवारी 2024 पासून ऑनलाइन प्रवासपरवाना लागतो, ईटीए. तो फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. मधले दलाल उगाच दुप्पट पैसे घेतात. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच लागू होतं. ते पिवळं कार्ड परतताना भारतातच मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. त्याच भेटीत हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही विचारून घ्या. मारा आणि मोंबासा दोन्हीकडे त्या लागतात, आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्याच लागतात.

बॅग भरताना आधी प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढा. आपल्याला चपला, ओले कपडे, खाऊ सगळं कॅरीबॅगेत गुंडाळायची सवय. केनियात त्यांवर 2017 पासून बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत 2020 पासून एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या आणि स्टीलची बाटली घ्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर कॅमेऱ्यासकट साधारण 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. कपडे खाकी, मातकट, फिके हिरवे. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या ओढल्या जातात. लष्करी छपाईचे कपडे नागरिकांना घालता येत नाहीत, आणि परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही. विषुववृत्त जवळ असलं तरी जुलैतली पहाट थंड असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच. प्लग चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा.

माणशी एक दुर्बीण हवीच, 8x42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची). एकीत चौघांनी डोकावायचं म्हटलं की चित्ता गवतात बसलेला असतो आणि तिसऱ्याची पाळी येईपर्यंत उठून गेलेला असतो. कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी थैली न्या, तिथे पोचल्यावर तांदूळ नाहीतर राजमा भरा आणि गाडीच्या छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवा. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी.

माणसांसाठीही वेळ राखून ठेवा. मसाई वस्तीत जायचं तर शुल्क आधी ठरवा, फोटो विचारूनच काढा, आणि शेणामातीचं घर बांधणाऱ्या बायकांशी बोला, ते घर त्यांनीच बांधलेलं असतं. नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात एक जुना डबा आहे. त्यातून 1900 साली सिंहाने चार्ल्स रायल या पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं होतं. तो डबा ज्या मार्गावरचा, त्या मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेच्या बांधकामावर हिंदुस्थानातून नेलेले सुमारे 32,000 मजूर राबले आणि अडीच हजारांच्या आसपास दगावले. त्या जुन्या मार्गाला जवळजवळ समांतर, त्सावोच्या जंगलातून जाणारी 2017 ची नवी गाडी आज नैरोबीहून पाच-सहा तासांत मोंबासाला पोचवते. तिचं तिकीट आधीच काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

मोंबासात फोर्ट जीझसला अर्धा दिवस द्या. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा आराखडा भारतातल्या पोर्तुगीज सत्तेचा मुख्य स्थापत्यकार जिओव्हानी बाटिस्टा कैराती याने केला. ओमानच्या अरबांनी 1696 ते 1698 वेढा घातला, तेव्हा मदतीची जहाजं गोव्याहून गेली. वसईचा किल्ला पाहिलेल्यांनी इथल्या बुरुजांचे कोन जरूर न्याहाळावेत. खाली जुन्या गावात नक्षीच्या लाकडी दारांच्या गल्ल्या आहेत. तिथे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.

शाकाहाऱ्यांनी खाण्याची काळजी करू नये, नैरोबी-मोंबासात गुजराती ताटही मिळतं. जंगलातल्या कॅम्पला मात्र आठवडाभर आधी कळवा, कारण तिथे भाजी लांबून येते. गाडीचालकाची बक्षिशी वेगळ्या पाकिटात ठेवा. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या घ्या, जुन्या नोटा तिथे नाकारतात.