किडनीची धमनी क्लॅम्प करण्याआधी: तयारीची यादी

किडनीतली फक्त गाठ काढायची तर धमनी काही मिनिटं बंद करावी लागते. ही मिनिटं 25 च्या आत राहावीत म्हणून जे आधी उरकता येईल ते सगळं आधीच उरका.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ताजं हवं. पुढची तुलना त्याच्याशीच होणार आहे. कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) नुकताच झाला असेल तर पुन्हा तपासा. डायक्लोफिनॅक, इब्युप्रोफेन ही वेदनाशामकं बंद, कारण किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या त्यांनी आकसतात. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन ही बीपीची औषधं बहुधा 24 तास आधी थांबवतात. ते फिजिशियन आणि भूलतज्ज्ञांनी ठरवावं. सीटीवर धमन्या नीट मोजा. दुसरी धमनी नजरेतून सुटली की क्लॅम्प लावूनही जागा रक्ताने भरते आणि रक्त टिपण्यातच वेळ जातो.

भूलतज्ज्ञांशी सरासरी बीपीचा आकडा आधीच ठरवा: किमान 65 mmHg, जुना बीपीचा रुग्ण असेल तर 75 च्या आसपास. किडनीच्या आतल्या भागाला एरवीही ऑक्सिजन जेमतेमच पुरतो, त्यामुळे पहिला मार तिथल्या नलिकांना बसतो. रिंगर लॅक्टेटसारखं सलाईन जोडा, स्टार्चचं सलाईन नको. मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) 12.5 ग्रॅम अनेक ठिकाणी अजून सवयीने देतात. चाचण्यांत फायदा दिसलेला नाही. कमी डोसच्या डोपामिनचंही तेच.

ट्रॉलीवर दोन बुलडॉग क्लॅम्प (धमनी बंद करणारे छोटे चिमटे) आणि एक जादा. टाक्यांचे धागे मापाने कापून, टोकाला क्लिप लावून, वापराच्या क्रमाने मांडलेले. क्लॅम्प लागताच एकाने घड्याळ लावायचं आणि दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगायचं.

ओपन शस्त्रक्रियेत 30 मिनिटांच्या पुढे जाण्याची शक्यता असेल तर निर्जंतुक बर्फाचा चुरा तयार ठेवा. क्लॅम्पनंतर किडनी सगळ्या बाजूंनी त्यात बुडवून 10 मिनिटं थांबायचं, मगच सुरी. घाई इथेच होते: वरून हाताला गार लागते, गाभा कोमटच असतो.

क्लॅम्प काढण्याआधी बीपी ठरलेल्या आकड्यावर आणा. परतणाऱ्या रक्ताबरोबरही इजा होते, म्हणून उगाच काढ-घाल नको.

नंतर लघवी दर तासाला मोजा, क्रिएटिनिन रोज. 48 तासांत क्रिएटिनिनमध्ये 0.3 mg/dL ची वाढ म्हणजे किडनीला इजा झालेली आहे. दुसरी किडनी धडधाकट असेल तर मात्र आकडा नॉर्मल राहूनही इजा झाकली जाते.