पेशीसंकेत आणि एपिजेनेटिक्समध्ये पीएच.डी. : प्रवेशापासून प्रबंधापर्यंत

पेशीपटलावरील ग्राहीला वाढघटक चिकटला की संदेश केंद्रकापर्यंत पोहोचायला काही मिनिटे पुरतात; पण त्या संदेशामुळे क्रोमॅटिनवर (डीएनए आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवर) टिकाऊ बदल झाला का, हे कळण्यासाठी काही तास, कधी काही दिवस थांबावे लागते. पहिली गोष्ट पेशीसंकेताची, दुसरी एपिजेनेटिक्सची, म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता जनुकांच्या कामात होणाऱ्या बदलांची. या दोन्ही गोष्टींचा एकत्र अभ्यास करणाऱ्याने प्रयोगाची आखणी करताना ‘नमुना केव्हा घ्यायचा’ हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा.

प्रवेशाचा भाग थोडक्यात सांगता येतो. एम.एस्सी. झालेल्यांसाठी सीएसआयआर-नेटची लाइफ सायन्सेसची परीक्षा, जैवतंत्रज्ञान विभागाची डीबीटी-जेआरएफ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) जीबिल्स ही प्रवेशपरीक्षा हे नेहमीचे मार्ग आहेत. 2023 पासून जेआरएफची (कनिष्ठ संशोधकाची) पाठ्यवृत्ती दरमहा 37,000 रुपये आणि एसआरएफची (वरिष्ठ संशोधकाची) 42,000 रुपये आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र व आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, मुंबईचे टीआयएफआर आणि हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) येथे या क्षेत्राशी निगडित संशोधन चालते. मुलाखतीत पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. आपल्या लघुप्रबंधातील एका प्रयोगाचे नियंत्रण (तुलनेसाठीचा नमुना) कोणते होते आणि ते तसेच का ठेवले, एवढे नीट सांगता आले पाहिजे.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला किती काळ लागला हे विचारावे, आणि ते शक्यतो त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे आणि सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षे आहे.

पहिल्या वर्षी कोर्सवर्क सुरू असतानाच पेशीसंवर्धनावर हात बसवावा. पेशी शक्यतो अधिकृत संग्रहातून घ्याव्यात आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी ठरावीक काळाने करत राहावी. हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनही त्याचे काही बिघडवत नाही, आणि पेशींचे संकेतमार्ग मात्र तो गुपचूप बदलतो.

सरावासाठी ईजीएफ (एक वाढघटक) ते ईआरके (संदेश पुढे नेणारे किनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट गट चढवणारे विकर) हा मार्ग उत्तम. पेशींना रात्रभर सीरमविना (वाढघटक असलेल्या रक्तद्रवाविना) ठेवावे, मग ईजीएफ देऊन 0, 5, 15, 30 आणि 60 मिनिटांनी नमुने घ्यावेत. वेळ झाली की डिश थेट बर्फावर ठेवावी, थंड पीबीएसने (क्षारद्रावणाने) धुवावी आणि पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये फॉस्फटेज-रोधक (फॉस्फेट गट काढणाऱ्या विकरांना अडवणारे) आधीच घातलेले असावेत; नाहीतर फॉस्फेट गट निघून जातात आणि वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिने ओळखण्याच्या चाचणीत) जे दिसते ते पेशीचे नव्हे, आपल्या दिरंगाईचे मोजमाप असते. फॉस्फो-ईआरकेच्या (फॉस्फेट चढलेल्या ईआरकेच्या) शेजारी केवळ ॲक्टिन हे पेशीतले नेहमीचे प्रथिन दाखवून भागत नाही, एकूण ईआरकेही दाखवावे.

हाच संदेश पुढे एमएसके किनेजमार्फत हिस्टोन एच3 च्या (डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एकाच्या) दहाव्या स्थानावरील सेरीनवर फॉस्फेटच्या खुणेच्या रूपात पोहोचतो, त्यामुळे त्याच नमुन्यांवर दुसरा प्रश्नही विचारता येतो. मात्र नेहमीच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावणात) क्रोमॅटिनचा बराच भाग गाळात राहून जातो. म्हणून हिस्टोन आम्लाने वेगळे काढावेत. एमईके-रोधक (ईआरकेला चालना देणाऱ्या किनेजला अडवणारे औषध) दिल्यावर ईआरके आणि एच3 वरील दोन्ही फॉस्फेट-खुणा मावळल्या, तरच त्यांच्यातील कार्यकारणसंबंधाबद्दल बोलायला आधार मिळतो.

मेथिलेशनची (मेथिल गट जोडला जाण्याची) गती याहून निराळी असते. ईझेडएच2 हे मेथिल गट जोडणारे विकर औषधाने रोखले तरी एच3 वरील 27 व्या स्थानावरील लायसीनचे त्रिमेथिलेशन मुख्यतः पेशीविभाजनागणिक विरळ होत जाते आणि ओसरायला अनेक दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून औषध निकामी ठरवणे ही घाई होय.

चिप प्रयोगात (एखादी खूण जीनोमवर कुठे आहे हे अँटिबॉडीने शोधण्याच्या पद्धतीत) बहुधा 1 टक्का फॉर्माल्डिहाइडने सुमारे दहा मिनिटे प्रथिने आणि डीएनएची जोडणी करून ग्लायसीनने ती थांबवतात आणि ध्वनिलहरींनी क्रोमॅटिनचे साधारण 200 ते 500 बेसजोड्यांचे तुकडे करतात. खरी परीक्षा अँटिबॉडीची असते. एच3 च्या 9 व्या आणि 27 व्या स्थानांवरील लायसीनभोवतीचा अमिनो आम्लांचा क्रम सारखाच, म्हणजे अलॅनीन-आर्जिनीन-लायसीन-सेरीन असल्यामुळे एका खुणेची अँटिबॉडी दुसऱ्या खुणेला चिकटू शकते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा पेप्टाइड डॉट ब्लॉट (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांवर अँटिबॉडीची चाचणी) स्वतः करून पाहावा. इनपुट (अँटिबॉडी न लावलेले क्रोमॅटिन) आणि आयजीजी (असंबंधित अँटिबॉडी) ही नियंत्रणे तर हवीतच. शिवाय संपूर्ण जीनोमवर खूण कमी होण्याची शक्यता असेल, तर सर्व नमुन्यांत फळमाशीचे क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळावे, कारण नेहमीच्या सामान्यीकरणात अशी सर्वदूर घट झाकली जाते.

आर किंवा पायथन ही संगणकभाषा तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवू नये. सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचा क्रम वाचण्यासाठी) नमुने पाठवण्यापूर्वीच विश्लेषण कसे करायचे हे लिहून काढले, तर जैविक पुनरावृत्ती किती हव्यात हे वेळीच कळते. एकाच डिशमधून तीन नळ्या भरल्याने तीन पुनरावृत्ती होत नाहीत.

दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असते. तेथे सुबक आलेख दाखवण्याऐवजी न जुळणारे ब्लॉट दाखवावेत, कारण त्यांवरच समितीच्या अनुभवाचा उपयोग होतो. प्रबंध लिहायला घेण्याआधी कच्ची सिक्वेन्सिंग माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात किंवा जीईओ या सार्वजनिक विदासंग्रहात जमा करावी आणि मिळालेला नोंदणी क्रमांक संबंधित प्रकरणातच नमूद करावा.