ओरेगनमध्ये कर-क्रेडिटचे विधेयक अभ्यासायला घेण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या विधिमंडळात दर अधिवेशनाला नव्या करसवलतींची विधेयके दाखल होतात. कुणाला लहान मुलांच्या पालकांना हातभार लावायचा असतो, कुणाला शेतमजुरांसाठी घरे उभी करायची असतात, कुणाला चित्रीकरण राज्यात आणायचे असते. अभ्यास समिती करो, आमदाराचा सहायक करो किंवा साक्ष द्यायला राजधानी सालेमला निघालेली बिव्हर्टनची एखादी पालक संघटना करो, पहिले काम एकच: ही सवलत नसेल तर नेमके काय घडणार नाही, हे एका वाक्यात लिहून काढा. ‘अर्थव्यवस्थेला चालना मिळेल’ हे त्याचे उत्तर नव्हे. ज्यात मोजता येणारी गोष्ट आणि मुदत आहे, तेच वाक्य पुढे उपयोगी पडते.

मग कॅलेंडर बघा. विषम वर्षातले अधिवेशन जास्तीत जास्त १६० दिवसांचे, सम वर्षातले ३५ दिवसांचे. ३५ दिवसांत महसूल विभागाकडून नव्याने आकडे मागवून त्यांची छाननी होत नाही, म्हणून आकड्यांची विनंती अधिवेशनाच्या कित्येक महिने आधी गेली पाहिजे. हाताशी दोन वेगळे कागद लागतात. महसुलावरच्या परिणामाचा कागद लेजिस्लेटिव्ह रेव्हेन्यू ऑफिस काढते, तर अंमलबजावणीच्या खर्चाचा लेजिस्लेटिव्ह फिस्कल ऑफिस. पहिला सगळे वाचतात, दुसरा राहून जातो. पूर्वमंजुरी देणारे कर्मचारी, फॉर्ममधले बदल आणि संगणक प्रणालीचा खर्च त्या दुसऱ्यातच असतो.

विधेयकात क्रेडिट आहे की वजावट, हे पाहून लगेच तीन करदात्यांचे गणित मांडा. वजावट करपात्र उत्पन्नातून वजा होते. १,००० डॉलरची वजावट ८.७५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ८७.५० डॉलर वाचवते, ९.९ टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ९९ डॉलर, आणि ज्याला कर लागतच नाही त्याचे काहीच नाही. क्रेडिट थेट करातून वजा होते. पण ते रिफंडेबल नसेल तर कर शून्य झाला की उरलेली रक्कम हातात येत नाही. गरीब कुटुंबांसाठी म्हणून आणलेले विधेयक रिफंडेबल नसले, तर बहुतेक वेळा ते त्या कुटुंबांपर्यंत पोचत नाही. उरलेले क्रेडिट पुढच्या वर्षांत नेता येते का, विकता येते का, हेही याच पानावर नोंदवा. पुढे नेता येणारे क्रेडिट योजना बंद झाल्यावरही तिजोरीवर येत राहते. मिशिगन राज्याने मेगा या कंपन्यांना रोजगारासाठी क्रेडिट देणाऱ्या योजनेची नवी क्रेडिट २०११ नंतर थांबवली, पण आधी दिलेल्या शब्दांचे अब्जावधी डॉलर पुढे कित्येक वर्षे द्यावे लागले.

केंद्रीय कराशी जोडही तपासावी लागते. ओरेगनचा हिशेब केंद्रीय करपात्र उत्पन्नापासून सुरू होतो, त्यामुळे केंद्राने आधीच दिलेली वजावट पुन्हा दिली जात नाही ना, ते पाहा. देणगीवरचे क्रेडिट असेल तर २०१९ चा केंद्रीय नियम आठवा: राज्याचे क्रेडिट देणगीच्या १५ टक्क्यांहून जास्त असेल, तर केंद्रीय वजावट क्रेडिटच्या रकमेने कमी होते. शिवाय शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये राहून ओरेगनच्या पोर्टलंडमध्ये नोकरी करणारे लोक ओरेगनचा आयकर भरतात. त्यांना सवलत पूर्ण, प्रमाणात की अजिबात नाही, हे विधेयकात स्पष्ट लिहिलेले हवे.

सगळ्यात जास्त वेळ उत्पन्नाच्या कडांवर, म्हणजे सवलत जिथे घटू लागते आणि जिथे संपते तिथे, घालवा. २०२३ पासूनचे ओरेगन किड्स क्रेडिट घ्या: पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे १,००० डॉलर, कमाल पाच मुले. मूळ कायद्यात २५,००० डॉलर उत्पन्नापर्यंत ते पूर्ण मिळे आणि ३०,००० ला शून्य होई. कारण चांगले, रचना काळजीची. तीन लहान मुले असतील तर ३,००० डॉलर त्या ५,००० च्या पट्ट्यात विरघळतात, म्हणजे वाढीव कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे ६० सेंट जातात. एकट्या पालकाचे केंद्रीय ईआयटीसी (कमी कमाईच्या कामकरी कुटुंबांसाठीचे क्रेडिट) हेही याच पट्ट्यात डॉलरमागे सुमारे २१ सेंटने घटत असते, आणि पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जातात. बेरीज ८८ सेंटच्या वर जाते. १,००० डॉलर पगारवाढीतले जेमतेम ११३ डॉलर हाती उरतात, तेही आयकर आणि इतर मदतीतली घट धरण्याआधी. असा तक्ता एक, दोन, तीन मुलांसाठी करून समितीपुढे ठेवा. पट्टा रुंद केला तर खर्च किती वाढतो, तेही शेजारीच दाखवा.

व्याख्या आणि मर्यादा वाचताना आडवाटेने जाणारा माणूस डोळ्यापुढे ठेवा. ॲरिझोनात २००० साली पर्यायी इंधनाच्या गाड्यांसाठी उदार सवलत दिली गेली, पण टाकी किती मोठी हवी आणि ते इंधन खरोखर वापरायचे की नाही, हे लिहिलेच नव्हते. लोकांनी मोठ्या गाड्यांना छोट्या टाक्या बसवल्या. काही दशलक्ष डॉलरचा अंदाज अर्ध्या अब्जापलीकडे जाऊ लागला आणि विधिमंडळाला घाईने माघार घ्यावी लागली. ओरेगनच्या जुन्या बीईटीसी या व्यवसायांसाठीच्या ऊर्जा क्रेडिटमध्ये प्रत्येक प्रकल्पाला १ कोटी डॉलरची मर्यादा होती. शेफर्ड्स फ्लॅटचा पवनऊर्जा समूह तीन प्रकल्प म्हणून मोजला गेला. म्हणून ‘प्रकल्प’ म्हणजे काय, हे जागा, मालकी आणि वीजजोडणी धरून लिहायला सांगा, आणि प्रत्येकी मर्यादेच्या जोडीला वर्षाची एकूण मर्यादा व पूर्वमंजुरी मागा.

खर्चाच्या अंदाजात ‘तसेही केले असते’ हा वाटा वेगळा काढा. १,००० डॉलरचे क्रेडिट घेणाऱ्या दहापैकी आठ जणांनी ते काम तसेही केले असते, तर खरोखर नव्या प्रत्येक कामामागे राज्याचे ५,००० डॉलर गेले. खर्चाचा अंदाज मुद्दाम फुगवणेही सुरक्षित नाही, कारण त्याने महसुलाचा अंदाज खाली येतो. दोन वर्षांचा महसूल अंदाजापेक्षा २ टक्के वा अधिक वर गेला, तर जादा रक्कम किकर म्हणून करदात्यांना परत जाते. २०२३ मध्ये ती सुमारे ५.६ अब्ज डॉलर होती.

मुदतीचे कलम न चुकता शोधा. ओरेगनमध्ये नव्या क्रेडिटची मुदत, विधेयकात वेगळे लिहिले नसेल तर, सहा वर्षे धरली जाते. ‘वेगळे लिहिले नसेल तर’ इथेच पळवाट शिरते. मुदत संपली की मतदानाशिवाय सवलत थांबते. कायम सवलत काढायला मात्र नवे विधेयक लागते, आणि महसूल वाढवणाऱ्या विधेयकाला प्रतिनिधीगृहात ६० पैकी ३६, सिनेटमध्ये ३० पैकी १८ मते लागतात. सवलत काढणे म्हणजे महसूल वाढवणे का, यावर कोर्टात वाद झाले आहेत. द्यायला मात्र ३१ आणि १६ मते पुरतात.

शेवटी फॉर्म. क्रेडिटला राज्याच्या आयकर विवरणाच्या ओआर-एएससी परिशिष्टावर स्वतःचा वेगळा कोड असावा आणि लाभार्थीने काय नोंदवायचे, ते विधेयकातच असावे: किती घरे, किती मुले, किती वेतन. हे कलम नसेल तर सहा वर्षांनी समितीसमोर फक्त दिलेल्या रकमेचा आकडा असतो, आणि गोपनीयतेच्या नियमांमुळे मोजकेच लाभार्थी असतील तिथे तोही झाकलेला मिळतो. दुरुस्ती सुचवायची असेल तर मोघम सूचना नको. विधेयकातली ओळ क्रमांकासह आणि बदललेला मजकूर लिहून द्या.