‘तुमच्या खात्यात कोणीतरी लॉगिन केलंय’ असा मेल आला तर काय करायचं?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शेजारचे काका मोबाइल हातात घेऊन दारात उभे.

"अगं, बघ बरं हे काय आलंय. कोणीतरी माझ्या जीमेलमध्ये घुसलंय म्हणे."

मेलवर गूगलचं चिन्ह होतं. अनोळखी फोनवरून लॉगिन झालंय, २४ तासांत खात्री केली नाही तर खातं बंद होईल, असा मजकूर होता आणि खाली मोठं बटण होतं: ‘हा मी नव्हे’. काकांचा अंगठा त्या बटणाच्या अगदी वर येऊन थांबला होता.

"काका, थांबा. काही दाबलंत का?"

"नाही अजून. पण लगेच करा असं लिहिलंय ना?"

त्या खात्यात काकांच्या पेन्शनची कागदपत्रं आहेत, नातवंडांचे फोटो आहेत, बँकेचे सगळे मेलही तिथेच येतात. घाबरण्यासारखंच होतं, आणि माणूस घाबरावा म्हणूनच तो मेल तसा लिहिलेला होता. त्या रात्री आम्ही जे केलं, त्याच क्रमाने इथे सांगते.

पायरी १: मेलमधलं काहीही दाबू नका

बटण नको, लिंक नको, सोबत जोडलेली फाइल नको. मेलमध्ये हेल्पलाइन म्हणून दिलेल्या नंबरवर फोनही नको. अलीकडे लिंकऐवजी क्यूआर कोड टाकतात आणि तो मोबाइलने स्कॅन करायला सांगतात. तोही लिंकच आहे, फक्त चौकोनात लपवलेली.

पायरी २: मेल तिथेच सोडा आणि आपल्या वाटेने खात्यात जा

एवढी एकच सवय लागली तरी बाकीच्या पायऱ्या विसरलात तर चालेल. मेल खरा की खोटा याचा निवाडा करत बसू नका. मेलने जी खबर दिली, ती थेट खात्यात जाऊन तपासा.

जीमेल असेल तर अ‍ॅप उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, मग ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’ आणि त्यात ‘सिक्युरिटी’. तिथे अलीकडच्या सुरक्षाविषयक घडामोडी आणि तुमचं खातं कोणकोणत्या फोन-कॉम्प्युटरवर उघडं आहे, हे दोन्ही दिसतं. काकांच्या यादीत दोनच वस्तू होत्या: हातातला फोन आणि हॉलमधला टीव्ही. तिसरं कोणी नव्हतं. मेल खोटा, हे आम्हाला त्याच्याकडे पुन्हा न बघता दोन मिनिटांत कळलं.

मायक्रोसॉफ्टच्या खात्यात हीच माहिती ‘रीसेंट अ‍ॅक्टिव्हिटी’ या पानावर असते. इंस्टाग्रामने तर आणखी चांगली सोय केली आहे. सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटर, मग ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘रीसेंट ईमेल्स’ उघडलं, की इंस्टाग्रामने तुम्हाला गेल्या काही दिवसांत खरोखर कोणते मेल पाठवले त्यांची यादी मिळते. आलेला मेल त्या यादीत नसेल तर तो त्यांचा नाही. बँक आणि आयकर खात्याच्या बाबतीत त्यांचं अ‍ॅप उघडा, किंवा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करा. गूगलवर शोधून पहिला निकाल उघडू नका, कारण वर दिसतात त्यातल्या काही जाहिराती असतात आणि त्यातही फसवे लोक घुसतात.

ही पायरी का मोठी, हे समजण्यासाठी अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. १९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल आला. ‘तुमचा पासवर्ड कोणीतरी वापरला आहे.’ त्यात वेळ होती, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा उपकरणाचा क्रमांक) होता, ठिकाण म्हणून युक्रेन लिहिलं होतं. गूगलने हा प्रयत्न रोखला, ताबडतोब पासवर्ड बदला, असं सांगून खाली बटण दिलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ताही गूगलचाच दिसत होता. पोडेस्टांच्या कार्यालयाने योग्य तेच केलं: मेल संगणकाच्या जाणकाराकडे पाठवला. त्याने उत्तर लिहिलं की हा मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला. ‘खोटा’ असं लिहायचं होतं, टाइप करताना चूक झाली, असं त्याने नंतर सांगितलं. इंग्रजीत त्या दोन शब्दांत फक्त दोन अक्षरांचा फरक आहे.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच उत्तरात त्याने गूगलचा खरा पत्ता दिला होता, पासवर्ड तिथे जाऊन बदला असं म्हणून. तो पत्ता वापरला असता तर ‘खरा’ या चुकीच्या शब्दानेही काही बिघडलं नसतं. पण दाबलं गेलं ते मेलमधलंच बटण. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. त्यात पोडेस्टांच्या खात्यातून ५०,००० हून जास्त मेल चोरीला गेल्याचं म्हटलं आहे. जाणकाराला विचारलं होतं, त्याने तपासलंही होतं, तरी हे झालं. म्हणून मी कोणालाही ‘मेल ओळखायला शिका’ असं आधी सांगत नाही. आधी वाट बदलायला सांगते.

पायरी ३: ओळखायचंच असेल तर पत्ता वाचायला शिका

पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, ‘गूगल सिक्युरिटी टीम’ सुद्धा. नावामागचा पत्ता बघा. जीमेल अ‍ॅपमध्ये नावाखाली बारीक अक्षरांत ‘टू मी’ असतं, त्यावर टॅप केलं की पूर्ण पत्ता दिसतो. तो भलताच निघाला तर मेल खोटा, विषय संपला. पण तो बरोबर दिसला म्हणून मेल खरा ठरत नाही. पोडेस्टांच्या मेलवरही तो बरोबरच दिसत होता.

त्याहून उपयोगाचा पत्ता बटणामागे असतो. कॉम्प्युटरवर माउस बटणावर नुसता नेऊन ठेवा, क्लिक करू नका. खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरलं की तो दिसतो, पण बोट चुकून पटकन उचललं तर पान उघडतं. म्हणून हात थरथरत असेल त्यांनी हे फोनवर करूच नये.

आता हा पत्ता वाचायचा कसा? आपण पाकिटावर लिहितो तसा: मु. पो., मग तालुका, मग जिल्हा. लहान आधी, मोठं शेवटी. वेबसाइटचा पत्ताही याच क्रमाने लिहितात. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि त्याचं शेवटचं टोक बघा. ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’ याचं टोक ‘गूगल डॉट कॉम’. ठीक आहे. पण ‘गूगल डॉट कॉम डॉट खाते-तपासणी डॉट टॉप’ असं काही असेल तर टोक ‘खाते-तपासणी डॉट टॉप’ आहे. पुढे लावलेलं ‘गूगल डॉट कॉम’ म्हणजे गडचिरोलीतल्या घराला कोणी ‘मुंबई निवास’ नाव द्यावं तसं. घराचं नाव मुंबई असलं म्हणून पत्र मुंबईला जात नाही.

टोक बघताना अक्षरंही जपून वाचा. आपल्याकडे घाईत ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ वाचला जातो ना, तसंच इंग्रजीत आर आणि एन ही अक्षरं शेजारी आली की एम वाटतो, छोटा एल आणि एकचा आकडा सारखे दिसतात. रशियन लिपीतला ‘ए’ तर इंग्रजी ‘ए’पासून डोळ्यांना वेगळा करता येतच नाही.

बँकांच्या बाबतीत आता एक चांगली खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली नेटबँकिंगची संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या टोकाच्या पत्त्यावर हलवायला सांगितलं होतं. हे टोक आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली हैदराबादची संस्था फक्त बँकांनाच देते. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचं टोक वेगळं असेल तर तिथे पासवर्ड टाकू नका. सरकारी खात्यांचं टोक ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असतं, आयकराचंही.

टोकसुद्धा बरोबर असून फसवणूक होते का? होते. एप्रिल २०२५ मध्ये गूगलच्याच पत्त्यावरून आल्यासारखे, सगळ्या तांत्रिक चाचण्या पास झालेले मेल लोकांना आले. त्यातली लिंक ‘साइट्स डॉट गूगल डॉट कॉम’वर नेत होती. ती जागा गूगलची खरी, पण तिथे कोणालाही फुकट पान बनवता येतं. ठगांनी तिथेच गूगलच्या मदत केंद्राची हुबेहूब नक्कल उभी केली होती. पुन्हा दुसऱ्या पायरीकडेच यावं लागतं.

पूर्वी अशा मेलमध्ये शुद्धलेखनाच्या चुका असायच्या, त्यावरून ओळखता यायचं. आता यंत्राकडून मजकूर लिहून घेतात, स्वच्छ मराठीतसुद्धा. या खुणेवर विसंबू नका.

पायरी ४: खरा इशारा आला तर घाबरून त्याला खोटा ठरवू नका

ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. तुम्ही साताऱ्यात बसून नव्या फोनवर लॉगिन करता आणि इशाऱ्यात ‘मुंबई’ येतं. मोबाइल कंपनीचं इंटरनेट कुठल्या शहरातून बाहेर पडतं, त्यावरून ते ठिकाण काढलेलं असतं. ठिकाण चुकलं म्हणून धसका घेऊ नका. वेळ जुळते का ते बघा, फोनचं मॉडेल तुमचं आहे का ते बघा. घरात मुलाने टॅबवर तुमचं खातं उघडलंय का, तेही विचारा.

न मागता नुसता सहा आकडी कोड आला, तर कोणीतरी तुमचा मेल आयडी टाकून आत शिरायचा प्रयत्न केला असू शकतो. कोड कोणाला सांगू नका. मागोमाग ‘चुकून तुमच्याकडे आला, जरा सांगता का’ असा फोन आला तर फोन ठेवून द्या.

पायरी ५: आजच करून ठेवायच्या दोन गोष्टी

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारी आणि आपोआप भरणारी सोय, वापरा. क्रोममध्ये किंवा आयफोनमध्ये तो आधीच असतो. तो पासवर्ड पत्त्याला बांधून ठेवतो. पान हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर तो स्वतःहून पासवर्ड भरत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज रिकामा राहिला, तर हाताने टाइप करायला जाऊ नका, आधी पत्ता वाचा.

दुसरी गोष्ट पासकी. यात पासवर्ड नसतोच, फोनचं कुलूप उघडता तसं बोट किंवा चेहरा वापरून आत जाता. नकली पानावर पासकी चालत नाही. ओटीपी मात्र नकली पानावरही टाकला जातो आणि ठग तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतात. म्हणून ओटीपी असणं बरंच, पण ‘ओटीपी आहे, मला काही होत नाही’ असं समजू नका. काकांची पासकी आम्ही त्याच रात्री लावून टाकली. काकूंचीही.

पायरी ६: बटण दाबलं गेलं असेल तर

आधी एक सांगते. स्वतःला दोष देत बसू नका आणि घरच्यांपासून लपवू नका. लाजेपोटी गेलेले तास ठगांच्या कामी येतात.

नुसतं पान उघडलं आणि काही भरलं नाही, तर बहुतेक वेळा नुकसान होत नाही. पान बंद करा. फाइल उतरली असेल तर उघडू नका, काढून टाका. ‘या अ‍ॅपला परवानगी द्या’ म्हणून ‘अलाउ’ दाबलं असेल, तर खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन त्या अ‍ॅपची परवानगी काढून घ्या. नुसता पासवर्ड बदलून ती जाईलच असं नाही.

पासवर्ड भरला असेल तर शक्यतो दुसऱ्या फोनवरून, आपल्या वाटेने खात्यात जा, पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही बदला. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स ही दोन पानं तपासा, कॉम्प्युटरवर. ही तपासणी बरेच जण विसरतात. चोर आत आल्यावर तुमचे मेल गुपचूप स्वतःकडे वळवतो, किंवा बँकेचे मेल थेट कचऱ्यात जातील असा नियम लावून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो. रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी, दिलेला फोन नंबर आणि मेल आयडी तुमचाच आहे ना, तेही बघा.

बँकेचा तपशील दिला असेल किंवा पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा. बँकेला कळवून खातं, कार्ड बंद करायला सांगा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळवलं तर ते मधेच गोठवता येण्याची शक्यता असते. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथे करता येते. तो मेल तोवर काढून टाकू नका, पुरावा म्हणून लागेल. स्क्रीनशॉट घ्या, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. तक्रार केल्यावर जो क्रमांक मिळतो तो फोनमध्ये नको, वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक फोनला तोच आधी विचारतात.