‘कनेक्टेड’ दिसतंय, पण पान उघडत नाही: घरातल्या दोन कॉम्प्युटरांत इंटरनेट वाटताना या चुका टाळा

खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर नेट छान चालू आहे. वरच्या लॅपटॉपवर वाय-फायच्या काड्या भरलेल्या आहेत, आणि तरी एक पान उघडत नाही. अशा वेळी पहिला हात पासवर्ड बदलण्याकडे जातो, दुसरा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याकडे. दोन्ही बहुधा वाया जातात. पासवर्ड चुकीचा असता तर ‘कनेक्टेड’ आलंच नसतं. वाय-फाय जुळणं हे एक काम आणि त्यावरून इंटरनेट पुढे जाणं हे दुसरं. बिघाड कोणत्या कामात आहे ते आधी ठरवा, सेटिंगला हात नंतर लावा.

त्याहीआधी एक प्रश्न: याची गरज आहे का? घरात वाय-फाय राउटर असेल तर दुसरा कॉम्प्युटर सरळ त्यालाच जोडा. कॉम्प्युटरमार्फत नेट वाटायची वेळ येते ती केबलवाल्याची तार थेट कॉम्प्युटरमध्ये लागलेली असते तेव्हा, किंवा यूएसबीने जोडलेल्या फोनवरून नेट घेतलेलं असतं तेव्हा. पुढचं सगळं विंडोज 10 आणि 11 धरून आहे.

पत्ता न बघता दुरुस्ती सुरू करणं

दुसऱ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा आणि वाय-फायच्या खाली आयपीव्ही4 पत्ता बघा.

192.168.137 ने सुरू होत असेल तर वाटप करणाऱ्या कॉम्प्युटरने पत्ता दिलेला आहे. तो स्वतः 192.168.137.1 असतो.

169.254 ने सुरू होत असेल तर पत्ता मागितला, पण कोणी दिला नाही, म्हणून विंडोजने आपल्या मनाने एक घेतला. वाटप बंद आहे, किंवा पहिल्या कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसची फायरवॉल मधे उभी आहे. ती पाच मिनिटं थांबवून बघा. पत्ता आला तर तिच्यात हे नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवा, आणि ती पुन्हा चालू करायला विसरू नका.

तिसराच काही पत्ता दिसला, समजा 192.168.1.50, तर बहुधा पूर्वी कोणीतरी तो हाताने भरून ठेवलाय. पत्ता आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ करा.

पत्ता बरोबर आहे पण नेट नाही? मग 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलच्या डीएनएसला, पिंग करा: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ping 8.8.8.8’ लिहून उत्तर येतं का बघा. उत्तर येतंय पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डीएनएस म्हणून 8.8.8.8 भरलं की काम होतं. उत्तरच येत नसेल तर पुढे वाचा.

टिक भलत्याच जागी

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. पहिल्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि आर दाबून ‘एनसीपीए.सीपीएल’ (ncpa.cpl) लिहिलं की सगळे अडाप्टर, म्हणजे नेटच्या जोडण्या, दिसतात. ज्यातून नेट घरात येतं, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅबवर टिक करायची. ज्यातून नेट पुढे जायचंय तो खालच्या यादीत निवडायचा. लोक हटकून वाय-फायवर टिक करतात, म्हणजे नळाऐवजी बादलीला चावी बसवतात. आणि शेअरिंगचा टॅबच दिसत नसेल, तर कॉम्प्युटरमध्ये बहुधा एकच अडाप्टर आहे. डेस्कटॉपला वाय-फाय डोंगल लावल्याशिवाय तो दिसणार नाही.

‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू केला की हे वाटप विंडोज स्वतःच करतं. त्यावर पुन्हा हाताने टिक केली की दोघांची ओढाताण होते. एक रस्ता धरा.

यूएसबीने जोडलेला फोन रोज वेगळ्या पोर्टात खुपसू नका. पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी त्याला नवा अडाप्टर समजतं, आणि जुन्यावरची टिक तशीच राहते.

युझरनेम-पासवर्ड भरून डायल करावं लागणारं कनेक्शन असेल, म्हणजे पीपीपीओई, तर टिक त्या डायलरवर हवी, इथरनेटवर नाही. हॉटस्पॉटला असा डायलर पुष्कळदा ओळखूच येत नाही. अशा घरी आमचं सरळ मत: साधा राउटर घ्या, त्याच्या वॅन (बाहेरून नेट येतं ती बाजू) सेटिंगमध्ये पीपीपीओई निवडून तेच युझरनेम-पासवर्ड भरा. तरी जुळलं नाही तर सेवा देणाऱ्याने तुमच्या कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो. राउटरमधलं ‘मॅक क्लोन’, म्हणजे राउटरने तोच पत्ता दाखवणं, त्यासाठीच असतं.

काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात

हे लक्षण पीपीपीओईवरच जास्त दिसतं. इथरनेटचं पाकीट 1500 बाइटचं, पण पीपीपीओई त्यातले 8 बाइट स्वतःसाठी घेतं, उरतात 1492. दुसऱ्या कॉम्प्युटरला हे ठाऊक नसलं की मोठी पाकिटं वाटेत अडतात. ‘पिंग -एफ -एल 1472 8.8.8.8’ (ping -f -l 1472 8.8.8.8) ला पाकीट तोडावं लागेल असा निरोप आला आणि 1464 ला उत्तर मिळालं, तर निदान पक्कं. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या वाय-फायचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, 1492 करा.

लाइट येते, नेट येत नाही

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हे ठरलेलं. लाइट जाते, येते, कॉम्प्युटर चालू होतो, टिक जागच्या जागी दिसते, पण वाटप मेलेलं. कारण असं की विंडोज 10 मध्ये चार मिनिटं कोणी नेट वापरलं नाही, तर वाटपाची सेवा बंद होते आणि आपोआप परत उठत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे टिक काढून ओके, मग पुन्हा टिक. कायमचा उपाय दोन भागांत. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सेवा ‘ऑटोमॅटिक’ करा. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची आतली नोंदवही) एचकेएलएम (HKLM), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डअ‍ॅक्सेस इथे ‘एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन’ (EnableRebootPersistConnection) नावाचा डीवर्ड, म्हणजे आकड्याची नोंद, करून त्याची किंमत 1 ठेवा. इंग्रजी स्पेलिंग सलग, मधे जागा न सोडता. रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवा.

हॉटस्पॉट वापरत असाल तर त्यातलं ‘पॉवर सेव्हिंग’ बंद करा, आणि पहिल्या कॉम्प्युटरचं स्लीपही. तो झोपला की वरच्या मजल्याचं नेट गेलं.

दगडाशी भांडण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि पटियांची, म्हणजे दगडी फरश्यांची, छतं उन्हाला बरी, वाय-फायला वाईट. अशा घरात 5 गिगाहर्ट्झचा हट्ट सोडा. 2.4 भिंतीतून जास्त निभावतो, आणि स्वस्त जुन्या डोंगलला तर 5 चं नेटवर्क यादीतही दिसत नाही. हॉटस्पॉटच्या ‘एडिट’मध्ये बँड बदलता येतो. सिग्नल भिंत फोडून जाईल ही आशा न ठेवता त्याला जिन्याची वाट द्या, म्हणजे कॉम्प्युटर जिन्याच्या दाराशी येईल असा ठेवा. खिडकीतला पत्र्याचा कूलर मधे येत असेल तर तोही आडच: पत्राही आणि पाणीही.

डोंगल कॅबिनेटच्या मागे, जमिनीलगत लावू नका. मीटर-दीड मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शनने टेबलावर आणा. 2.4 चा डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या पोर्टापासून दूर काळ्यात लावा. यूएसबी 3 ची उपकरणं नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. आणि एकाच वाय-फाय कार्डाने नेट घेऊन त्याच कार्डाने पुढे वाटत असाल, तर वेग साधारण निम्म्यावर येणारच, तो बिघाड नव्हे.

फोनच्या रोजच्या डेटावर हे चालवत असाल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते नेटवर्क ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचं) करा, नाहीतर विंडोजचे अपडेट दुपारपर्यंत डेटा फस्त करतात.

एवढं करूनही वर सिग्नल टिकत नसेल तर जिन्यातून कॅट-6 ची तार ओढा. 100 मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. शेअरिंगच्या यादीत मग वाय-फायऐवजी इथरनेट निवडायचं, बाकी सगळं तेच.