जुनी शस्त्रं जमवताय? या चुका टाळा

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची, जुनी बंदूक हातात आली की घोडा ओढून चाप दाबून पाहायचा मोह होतो. तो आवरा. अशा बंदुका कधी कधी भरलेल्याच राहून गेलेल्या असतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीचं तोंड सगळ्यांपासून दूर ठेवून आत लाकडी काठी हलकेच तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढा, ती खूण तोंडाशी जुळवून काठी नळीला बाहेरून लावा. टोक बत्तीच्या छिद्रापाशी, म्हणजे जिथून ठिणगी आत दारूपर्यंत जाते तिथे, पोचायला हवं. दोन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबलं, तर आत दारूगोळा आहे असंच धरून चाला. तो ठोकून, तापवून किंवा ड्रिल लावून काढायला जाऊ नका, जाणत्या बंदूक-कारागिरालाच बोलवा. रिकामी असली तरी घोडा आपटू नये. टोपीच्या बंदुकीचं निपल, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसवायची छोटी नळी, चेपतं.

तलवारीला नडते ती चकचकीत करायची हौस. पात्यावरची घट्ट, गुळगुळीत, काळपट तपकिरी झाक राहू द्या. बोटाला नारिंगी भुकटी लागली तरच तो चालू गंज. त्यावर हलकं मशीन ऑइल लावून २४ तास ठेवा, मग ०००० नंबरच्या स्टील वूलने, फार दाब न देता, पात्याच्या लांबीच्या दिशेने पुसा. तेल स्पिरिटने काढा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. यानंतर पातं उघड्या हाताने धरू नका, घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे गंजून उमटतात. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावला, तर जौहरदार (लाटांसारखी नैसर्गिक नक्षी असलेल्या) पोलादावरच्या लाटा पुसल्या जातात. कोफ्तगरीचं सोनं तर बारीक चरांवर ठोकून बसवलेला पातळ थर असतं, ते पॉलिशबरोबरच निघून येतं. (मुठीवर नक्षी असेल तर मऊ ब्रशपलीकडे काहीही नको.)

भारतीय तलवारीची लोखंडी मूठ गरम पाण्यात बुडवणं ही आणखी एक चूक. पात्याचं मुठीकडचं टोक आत राळेच्या मसाल्याने पक्कं केलेलं असतं. उष्णतेने मसाला मऊ पडतो आणि मूठ डुगडुगायला लागते.

पातं चामडी म्यानात घालून ठेवू नका. चामडं ओलावा धरतं, त्यात कमावण्याची रसायनं असतात, आणि पातं आतल्या आत सडतं. दोन्ही वेगवेगळं ठेवा. चामडी पट्ट्यांना तेल पाजलं की चामडं काळवंडतं, शिवाय तेलातली आम्लं पितळी बकलातल्या तांब्याशी मिळून हिरवा, मेणचट थर आणतात. तो लाकडी काडीने खरवडा, धातूने नको.

शिशाच्या गोळ्या ओकच्या पेटीत ठेवल्या, तर लाकडातून येणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफांनी त्यांची पांढरी भुकटी होते. पीव्हीसीच्या पिशव्याही टाळा. पॉलिथिन आणि आम्लविरहित कागद वापरा.

खरेदीत कारागिराच्या ठशापेक्षा गंजाचे खड्डे आधी बघा. ठसा गंजाच्या खड्ड्यांवरून मारलेला दिसला, कडा ताज्या असल्या, तर तो नंतरचा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. एकोणिसाव्या शतकातल्या पिस्तुलावर ते दिसले तर तो भाग बदललेला आहे. परवान्याचे नियम मात्र पैसे देण्याआधी तपासा.

वस्तू घरी आली की साफसफाईआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. नोंदीची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी लाकडावरचं जुनं व्हार्निश सोलून आणते.