एक्सेलची शीट छापताना कागद कुठे वाया जातो

संगणक आला आणि छापणं सोपं झालं, म्हणून कागद वाढला. ऑफिसात भरपूर कागद खाते ती एक्सेलची शीट. शेवटचा एकच रकाना पानाबाहेर गेला, तरी पानांची संख्या दुप्पट होते.

आधी हवा तेवढाच भाग निवडून ‘पेज लेआउट’मध्ये ‘प्रिंट एरिया’ ठरवा. दूर कुठेतरी पडलेल्या एका स्पेसमुळेही कोरी पानं निघतात, ती यानं थांबतात. मग तिथेच ‘विड्थ’ १ पान, ‘हाइट’ ऑटोमॅटिक ठेवा. हाइटही १ केलीत तर दोनशे ओळींची मुंगीएवढी अक्षरं होतील आणि साहेब पुन्हा छापायला लावतील. ‘स्केल’ (मजकूर किती लहान करून छापायचा ते प्रमाण) ६५ टक्क्यांखाली गेला तर पान आडवं करा. कागदाचा आकार ‘लेटर’ नाही ना, ए-४च आहे ना, तेही बघा. शेवटी कंट्रोल + एफ२ दाबून पानं मोजा.

दोन्ही बाजूंनी छापताना उभ्या पानाला ‘लाँग एज’ (कागद लांब कडेवर उलटणं) निवडा. ‘शॉर्ट एज’ राहिलं तर मागची बाजू उलटी येते. हातानं कागद उलटावा लागणारा प्रिंटर असेल तर आधी दोनच पानं छापून दिशा ठरवा.

पाठकोरे कागद जरूर वापरा, पण पिना काढून. पावसाळ्यात दमट, वाकलेले कागद हमखास अडकतात. ते रफ कामालाच ठेवा.

डिजिटल सही असलेली पीडीएफ फाइलच पाठवा. छापील प्रतीवर ती सही तपासता येत नाही.